समेच्या अलीकडचे

स्वरलेखनाच्या संगणक-प्रणालीत नवे पान उघडले की एक लहानशी खिडकी पुढे येते. वाद्ये कोणती, टाइम सिग्नेचर कोणती, आणि पिकअप बार हवा की नको, एवढेच तिला जाणून घ्यायचे असते. म्यूझस्कोर असो की सिबेलियस, प्रश्नांचा क्रम थोडाफार बदलतो, प्रश्न तेच राहतात. पहिल्याचे उत्तर बहुतेकांजवळ तयार असते. दुसऱ्याच्या जागी ४/४ हे उत्तर प्रणालीने आपणहून भरून ठेवलेले असते. आणि तिसरा प्रश्न इतक्या आडबाजूला असतो की अनेकांच्या तो नजरेसही पडत नसावा. आमचे मात्र पहिल्यापेक्षा दुसऱ्यावर आणि दुसऱ्यापेक्षा तिसऱ्यावर अधिक अडले. त्या अडण्यात सुमारे दोन महिने गेले. या काळात जे वाचले, ऐकले आणि आपसांत वादवादी करून झाले, त्याचा हा वृत्तान्त आहे.

आम्ही म्हणजे दोघे. (हे 'आम्ही' संपादकीय नव्हे, सांसारिक आहे.) एकाने तीस वर्षे महाविद्यालयात मराठी छंदःशास्त्र शिकवले, दुसरीने घरच्या माडीवर पेटी. पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन दोघांनाही वाचता येते, पण आजी-आजोबांना मोबाइल वापरता येतो तितपतच. नातीने, म्हणजे मुलीच्या मुलीने, काम सांगितले नसते तर या वाटेला आम्ही गेलो नसतो. ती ग्लासगोला असते, वय १४, व्हायोला शिकते. तिच्या तंतुवाद्यांच्या लहानशा मेळ्यात प्रत्येकाने आपापल्या घरातील एक गाणे आणायचे ठरले. तिचा फोन आला, "आजी, जात्यावाल्या पणजीचं गाणं लिहून पाठव ना. माझं मी ऐकून वाजवेन गं, पण बाकीच्यांना कागद लागतो."

जात्यावाली पणजी म्हणजे आमच्या आत्याबाई : एकाच्या सख्ख्या आत्या, दुसरीच्या आत्येसासूबाई. पाटण तालुक्यातील त्यांच्या घरी १९९१ साली एका पहाटे आम्ही कॅसेट-रेकॉर्डर लावून ठेवला होता. शेजारच्या बाई खुंट्याला हात लावून समोर बसल्या होत्या, आत्याबाई गात होत्या. सुमारे पंचवीस मिनिटांचे ते मुद्रण आहे. आत्याबाई १९९८ मध्ये गेल्या. कॅसेटचे रूपांतर पुढे संगणकातील ध्वनिफितीत झाले, म्हणून आवाज उरला. आता त्याचा कागद करायचा होता.

पिकअप बार म्हणजे काय, हे साहित्याच्या वाचकांस समजावणे अवघड नाही. वाढदिवसाला जगभर गायले जाणारे ते इंग्रजी गाणे आठवावे. त्याचा बार तीन ठोक्यांचा. परंतु गाण्याचा पहिला जोर 'हॅपी'वर पडत नाही, 'बर्थ'वर पडतो. म्हणून लिहिताना पहिली उभी रेघ 'बर्थ'च्या आधी ओढतात आणि 'हॅपी' हा शब्द त्या रेघेच्या डावीकडे, एका ठोक्याच्या अपुऱ्या खणात राहतो. हा अपुरा खण म्हणजे पिकअप बार. त्याचा हिशेबही चोख ठेवलेला असतो : आरंभी जो एक ठोका उसना घेतला, तो अखेरच्या बारमधून वजा करण्याचा जुना संकेत आहे, म्हणजे शेवटचा बार दोनच ठोक्यांचा राहतो आणि दोन अपुरे मिळून एक पुरा होतो. बाखच्या काळातील नृत्यरचनांत तर या उसनवारीवरून नृत्याची जात ओळखता येते; गावोत अर्ध्या बारच्या उसनवारीने सुरू होते, बुरे एका पाव-ठोक्याने. एकोणिसाव्या शतकात ह्यूगो रीमान या जर्मन मीमांसकाने तर संगीतातील हालचाल मुळातच अशी दुर्बळाकडून सबळाकडे जाणारी असते असा आग्रह धरला. या खणाला तिकडे ज्या ग्रीक शब्दाने ओळखतात, तो अनाक्रूसिस हा शब्द संगीतात आणि छंदःशास्त्रात समाईक आहे. ओळीच्या पहिल्या गणाआधी येणारी, हिशेबाबाहेरची अक्षरे, असा त्याचा छंदःशास्त्रातील अर्थ. आमच्यातील छंदःशास्त्री इथे खुश झाले. त्यांची खुशी फार टिकली नाही, ते पुढे येईल.

हिशेबाबाहेरची वस्तू संगणकात कशी साठवतात हे पाहणे आम्हांला अनपेक्षितपणे मनोरंजक वाटले. संगणकाला 'हिशेबाबाहेर' असे काही सांगताच येत नाही. कुठल्यातरी आकड्यात त्याला ते बसवावे लागते. लिलीपॉन्ड नावाची एक जुनी, मोफत प्रणाली आहे, जिच्यात संगीत अक्षरांच्या आज्ञा टंकून लिहितात. तिच्यात आपण 'एका ठोक्याचा अपुरा बार' अशी आज्ञा दिली की बारमधील आपले स्थान ती उणे एक चतुर्थांश असे धरते. गाणे ऐकू येऊ लागलेले असते आणि घड्याळ मात्र शून्याच्याही मागे असते! डोरिको ही २०१६ साली आलेली प्रणाली टाइम सिग्नेचर लिहितानाच पुढे स्वल्पविराम देऊन किती ठोके उसने ते सांगू देते. निरनिराळ्या प्रणालींना एकमेकींची पाने वाचता यावीत म्हणून म्यूझिक-एक्सएमएल नावाची एक सामाईक लिपी वापरात आहे. तिच्यात पिकअप बारवर 'इम्प्लिसिट' अशी खूण करतात. म्हणजे बार आहे, पण त्याचा क्रमांक छापू नये. व्याकरणात ज्याला आपण अध्याहृत म्हणतो ते हेच काय, असे एकदा वाटले. पण अध्याहृत पद उच्चारले जात नाही आणि तरीही मोजले जाते, इथे नेमके उलटे आहे. हे उच्चारले जाते आणि मोजले जात नाही.

हा व्यवहार मराठी छंदोविचाराला परका नाही. माधवराव पटवर्धनांच्या 'छंदोरचने'त जातिरचनांची विभागणी आवर्तनाच्या मात्रांवरून केलेली आहे, आणि तिथली नावे विद्यार्थ्यांना सहज पाठ होत : पाच मात्रांचे आवर्तन ते हर, कारण शंकर पंचानन; सहाचे भृंग, कारण भुंगा षट्पद; सातचे अग्नी, कारण तो सप्तजिव्ह; आठचे पद्म, कारण कमळ अष्टदल. अशी ओळ मोजायची तर आधी पहिला ताल कोठे पडतो ते शोधावे लागते, आणि पुष्कळ ओळींत तो पहिल्या अक्षरावर पडतच नाही. त्याआधीच्या दोन-तीन मात्रा बाजूला काढायच्या आणि मग आवर्तने मोजत जायचे. वर्गात टाळ्या वाजवून ओळ म्हणायला सांगितली की निम्मा वर्ग पहिल्याच अक्षरावर टाळी देई आणि चौथ्या टाळीपाशी सगळे एकमेकांकडे पाहू लागत. 'आधी बोला, मग टाळी द्या,' हे वाक्य छंदःशास्त्र्यांनी तीस वर्षांत किती वेळा उच्चारले असेल, त्याची मोजदाद नाही.

पाच आणि सात यांविषयीही एक शब्द. स्वरलेखनाच्या प्रणालींत ५/४, ७/८ अशा टाइम सिग्नेचर 'नेहमीच्या नसलेल्या' गटात मोडतात, आणि पाश्चात्त्य श्रोत्याला त्या खरोखरीच चकित करीत आल्या आहेत. चायकोव्हस्कीच्या १८९३ च्या सहाव्या सिम्फनीतील दुसरा भाग पाच ठोक्यांत आहे, आणि वॉल्ट्झची चाल मोडल्यासारखा तो अनेकांना वाटला. १९५९ मध्ये डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीने वाजवलेले, पॉल डेझमंडचे 'टेक फाइव्ह' याच पाचाच्या बळावर घरोघरी गेले. ज्या भाषेतील शास्त्राने पाचाला हर आणि सातला अग्नी म्हणून नाव दिले, जिथे झपताल (२+३+२+३) आणि रूपक (३+२+२) तबला शिकू लागल्यावर अगदी सुरुवातीला हाती येतात, तिथे यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. आमच्याकडे अनवट म्हणायचे ते निराळ्याच गोष्टीला. बार्टोकला या गोष्टीची जाण होती. त्याच्या 'मायक्रोकॉसमॉस'मधील अखेरची सहा नृत्ये बल्गेरियन लयीत आहेत, आणि त्यांच्या माथ्यावर त्याने नऊ वा आठ अशी बेरीज न मांडता ४+२+३, ३+३+२ अशा फोडी लिहिल्या. बेरजेपेक्षा फोड महत्त्वाची, हे तबलजीला सांगावे लागत नाही. सुदैवाने आजच्या प्रणालींत तशी फोड लिहिता येते. रूपकाचे ३+२+२ लिहून आम्ही पाहिले आणि कागदावर ते देखणे दिसले.

पण वाजवून पाहिले तेव्हा गंमत झाली. प्रणालीतील ठोक्याचा आवाज प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्यावर ठणकन वाजतो, कारण बारचा पहिला ठोका सबळ, हे तिने गृहीत धरलेले असते. रूपकाची सम मात्र खाली आहे. 'ती ती ना' म्हणताना डग्गा गप्प असतो आणि तो घुमतो चौथ्या मात्रेला. आवर्तनाचे तोंड आणि जोराची जागा या दोन गोष्टी भिन्न असू शकतात, हे रूपक इतक्या शांतपणे दाखवून देतो की त्यासाठी निराळे प्रमेय मांडावे लागत नाही. आमच्यातील पेटीवादकांनी ठोक्याचा आवाज बंद केला तो कायमचाच.

आणि त्यांनीच मग भातखंड्यांची क्रमिक पुस्तके काढली. भातखंड्यांच्या लेखनपद्धतीत समेला फुली, खालीला शून्य आणि उरलेल्या टाळ्यांना अंक असतात. त्रितालातील कितीतरी बंदिशी नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उठतात. अशा बंदिशीची ओळ भातखंडे कशी छापतात? डावीकडे पहिला खण शून्याचा, मग तिसरी टाळी, मग फुली, मग दुसरी टाळी. पुढची ओळ पुन्हा शून्यापासून. म्हणजे सम ही ओळीच्या मध्यावर, आणि गाणे जिथून उठते तिथून ओळ. कुठेही अपुरा खण नाही, उसनवारी नाही, अखेरीस वजाबाकी नाही. मुखडा समेच्या अलीकडचा आहे म्हणून तो हिशेबाबाहेर जात नाही. वर्तुळ तेवढे थोडे फिरवून ठेवायचे. स्टाफ नोटेशनची ओळ डावीकडून उजवीकडे जाते आणि तिला एक आरंभबिंदू लागतो, म्हणून त्या बिंदूआधीचे सगळे उणे ठरते. आवर्तनाला असा बिंदू नसतो, सम असते, आणि समेकडे पुन्हापुन्हा येत राहायचे असते. यावर छंदःशास्त्री म्हणाले की वर्तुळ ठीक, पण ओवीला आवर्तन आहे कोठे? हा आक्षेप खरा होता. इथून पुढे आमचे खरे काम सुरू झाले.

आत्याबाईंच्या मुद्रणात ताल नाही, जाते आहे. दर फेऱ्याला खुंटा आपल्याकडे येताना एक जोर लागतो, आणि दगडाच्या घरघरीत तो स्पष्ट ऐकू येतो. हा जोर म्हणजे ठोका, असे आम्ही धरले. टाइम सिग्नेचरच्या खालच्या अंकासाठी चार घेतला. (आपल्याकडे या खालच्या अंकाची जरूरच पडत नाही. मात्रा ही मात्रा. ती केवढी हे लय ठरवते. प्रणालीला मात्र ती पाव स्वराची की अष्टमांशाची हे आधी सांगावे लागते.) मग ऐकत मोजत गेलो. ओवीच्या एका ओळीला सात फेरे लागतात, कधी आठ. ओळ संपली की श्वास. श्वासानंतर, पुढच्या ओळीचा पहिला शब्द येण्याआधी, एका स्वरावर लांबवलेली 'बाई'; क्वचित नुसता 'ग'. ही 'बाई' जोरावर कधीच सुरू होत नाही. ती दोन जोरांच्या मध्ये कुठेतरी उमटते आणि ओळीचा पहिला शब्द पुढच्या जोरावर अलगद नेऊन ठेवते. श्वास आणि 'बाई' मिळून दीड फेरा होतो.

आता हे कागदावर आणा. सात फेरे आणि दीड फेरा मिळून साडेआठ. चार हा खालचा अंक धरला तर साडेआठ लिहिता येत नाही, म्हणून आठ धरायचा, म्हणजे १७/८. ओळ आठ फेऱ्यांची असेल तिथे १९/८. ग्लासगोच्या चौदा वर्षांच्या मुलांपुढे १७/८ असा आकडा ठेवावा, हे आमच्या जिवावर आले. शिवाय तो आकडा आत्याबाईंचा नव्हेच. त्यांनी सतरा काही मोजले नव्हते. ओळ सातची होती आणि उरलेले तिच्या दारात उभे होते. दोन्हींची बेरीज करून जे अनवट निघाले ते आमच्या बेरजेचे.

ज्यांनी आमच्याआधी हे काम केले त्यांच्याकडे पाहणे भाग होते. पर्सी ग्रेन्जरने १९०६ आणि १९०८ मध्ये इंग्लंडातील लिंकनशर परगण्यात फोनोग्राफ नेऊन जोसेफ टेलर आदी वयस्कर गायकांच्या आवाजांचे मुद्रण केले. ते गायक ज्या जागी थांबत, ओढत, घाई करीत, ती प्रत्येक जागा त्याला गाण्याचाच भाग वाटे. पुढे १९३७ मध्ये त्याच सामग्रीवरून त्याने बँडसाठी 'लिंकनशर पोझी' रचली, तेव्हा एका गीतात टाइम सिग्नेचर पावलोपावली बदलती ठेवली आणि दुसऱ्यात 'मुक्त काळ' एवढेच लिहून बारचे बंधन ढिले केले. एकाच माणसाने, एकाच कृतीत, दोन निराळी उत्तरे दिली, हे आम्हांला मोलाचे वाटले. गायकाची लकब जपायची तर एकच एक रीत चालत नाही, असा त्याचा अर्थ आम्ही घेतला. मुक्त काळाचा मार्ग आम्हीही चाचपून पाहिला. उभ्या रेघा सगळ्या पुसल्या की पान फार सुंदर दिसते आणि चार जणांना एकत्र वाजवता येत नाही.

महाराष्ट्रात याहून विस्तृत काम झाले आहे ते हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांचे. १९८० च्या दशकापासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या; १९९० च्या दशकात बर्नार बेल यांच्या साहाय्याने कित्येकींची ध्वनिमुद्रणे झाली; २०१७ पासून हा संग्रह 'पारी'च्या संकेतस्थळावर क्रमाने येत गेला. तिथे संहिता वाचता येते आणि आवाजही ऐकता येतो. ओवी पुस्तकातून वाचलेल्या आमच्या पिढीने एकदा तरी डोळे संहितेवर ठेवून कान आवाजाकडे द्यावेत. वाचताना ओवी सुटसुटीत, आटोपशीर दिसते. ऐकताना तिच्यात कितीतरी 'बाई', 'ग', 'सांगते' मिसळलेले असतात; अक्षरे मोजणाऱ्याला ते अडचणीचे, गाणारीला ते श्वासाइतके आवश्यक.

वाद पेटला तो इथे. छंदःशास्त्र्यांचे म्हणणे असे : 'बाई' ही चरणाची अक्षरे नव्हेत, ती आद्य तालापूर्वीची आहेत, आणि पाश्चात्त्य संकेतात त्यांना नेमकी जागा आहे, पिकअप बार करावा, क्रमांक देऊ नये, प्रश्न मिटला. पेटीवादक विचारीत होत्या की पिकअप तर गाण्याच्या आरंभी एकदाच येतो, इथे दर ओळीला 'बाई' आहे, त्या सगळ्या मोजणीबाहेर टाकणार का? म्यूझस्कोरमध्ये ते शक्य आहे. कोणत्याही बारच्या गुणधर्मांत जाऊन त्याची खरी लांबी छापील टाइम सिग्नेचरहून वेगळी ठरवता येते, आणि तिथेच 'हा बार मोजणीतून वगळा' अशी एक चौकट असते. ती टिचकी प्रत्येक 'बाई'वर मारत गेले की पान स्वच्छ होते : ७/४, ७/४, ८/४, आणि मध्ये दीड-दीड ठोक्यांचे बिनक्रमांकाचे खण.

"स्वच्छ दिसतंय खरं," पेटीवादक म्हणाल्या, "पण आवाज नीट ऐका जरा. आत्याबाई सगळ्यांत मोकळ्या कुठे होतात?"

ऐकले. ओळीचे शब्द आत्याबाईंना परंपरेने आलेले आहेत. भाऊ, माहेर, विठू, सासुरवास, जे पुष्कळजणींच्या ओव्यांत असते ते त्यांच्याही ओव्यांत आहे. ओळीतला स्वर जवळजवळ ठरलेला, तीन-चार सुरांत फिरणारा. 'बाई' मात्र दर वेळी निराळी. कधी ती खालून वर ओढलेली, कधी सपाट, कधी मध्येच आवाज चिरकलेला, एकदा तर खोकल्यानंतरची, जवळजवळ हसरी. समोर बसून जाते ओढणाऱ्या बाईंना ती साद आहे, आणि जात्यालाही असेल. पंचवीस मिनिटांत आत्याबाईंचे स्वतःचे म्हणावे असे जे आहे ते बहुतांशी या दीड-दीड फेऱ्यांत आहे. ते बिनक्रमांकाचे ठेवायचे की नाही, हा प्रश्न मग केवळ संकेताचा राहिला नाही. छंदःशास्त्री त्या रात्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एवढेच सुचवले की बार निराळा ठेवावा (१७/८ नको), परंतु टिचकी काढावी.

व्यवहारातही याचे एक कारण सापडले. मेळ्यात तालीम करताना संचालक 'बार अमुकपासून' असे म्हणतो आणि वादक तिथून उचलतात. आरंभीचा अपुरा बार शून्य क्रमांकाचा असेल आणि 'एकपासून घ्या' असे सांगितले, तर कोणीतरी हटकून विचारते, आधीचा धरून की सोडून? आमच्या पानावर हा प्रश्न उद्भवू नये असे ठरले. पहिल्या 'बाई'चा खण हाच बार एक. ओळीचा ७/४ हा बार दोन. पुढची 'बाई' बार तीन. तिच्या माथ्यावर ३/८ अशी टाइम सिग्नेचर उघडपणे लिहिली आहे, लपवलेली नाही. दर बारला टाइम सिग्नेचर बदलते, त्यामुळे पान काहीसे गर्दीचे झाले. व्हायोलाला शब्द म्हणता येत नाहीत, तरी स्वरांखाली शब्द दिले आहेत, 'बाई'सुद्धा, देवनागरीत. नातीला तेवढे वाचता येते, बाकीच्यांना ती सांगेल.

पान पाठवण्याआधी एक सावधगिरी घेतली. फिनाले ही १९८८ पासून चालत आलेली, एके काळी प्रकाशकांच्या पसंतीची प्रणाली. तिच्या निर्मात्यांनी २६ ऑगस्ट २०२४ रोजी तिचा विकास थांबवल्याचे जाहीर केले, आणि जगभर लोक आपली वर्षानुवर्षांची पाने दुसरीकडे हलवण्याच्या धांदलीत पडले. प्रणालीही जात्यासारखीच, कधीतरी अंगणात पडून राहते. म्हणून ओवीचे पान आम्ही म्यूझस्कोरमध्ये ठेवले, सामाईक लिपीत ठेवले, आणि छापूनही ठेवले. सामाईक लिपीतील मजकूर साध्या अक्षरांत उघडून पाहता येतो. पहिल्या बारपाशी 'इम्प्लिसिट' हा शब्द कुठे आहे का, हे छंदःशास्त्र्यांनी चष्मा पुसून तपासले. नव्हता.

तालीम झाल्यावर नातीचा फोन आला. तिच्या शिक्षकांनी दर 'बाई'वर गज वर नेण्याची खूण केली आहे आणि ओळीच्या पहिल्या शब्दावर खाली आणण्याची. तिकडे तोच रिवाज आहे म्हणे, अपुऱ्या बारला गज वर. 'बाई' छान वाजते, पण आठ फेऱ्यांच्या ओळीला एक गज पुरत नाही. तो मध्ये कुठेतरी बदलावा लागेल, तर तो पाचव्या ठोक्यावर बदलला तर चालेल का, पणजी तिथे श्वास घेते का, असे तिने विचारले.

आम्ही मुद्रण पुन्हा लावले. आठ फेऱ्यांच्या ओळी एकंदर अकरा आहेत. पाचव्या ठोक्यावर आत्याबाई श्वास घेत नाहीत. नऊ ओळींत त्या सहाव्यानंतर, शब्दाच्या मधोमध घेतात, आणि दोन ओळींत घेतच नाहीत. नातीला तसे कळवले आहे.